गॅसचं बटण आणि विळी : ओसीडी असलेला डिटेक्टिव्ह लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

मराठीत मालिका आणि वेब सिरीज लिहिणाऱ्या लेखक-लेखिकांनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यातल्याच एकीचा मला फोन आला. शाळेतली मैत्रीण, आता पूर्णवेळ पटकथा लिहिते. तिच्या नव्या गोष्टीत एक पोलीस अधिकारी आहे. त्याला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येऊन एकच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार, आणि त्यामुळेच इतरांच्या नजरेतून सुटलेले पुरावे त्याला दिसतात. "'मंक'सारखा गं. तुझ्या भावाला आहे ना तो त्रास? मला चार-पाच बारीक सवयी सांग, खऱ्या वाटतील अशा." मी म्हटलं, दोन दिवस दे. त्या दोन दिवसांचे तीन आठवडे झाले आणि सवयींच्या यादीऐवजी हे पत्र तयार झालं. असा डिटेक्टिव्ह लिहावासा वाटणारी ती काही एकटी नसणार, म्हणून तिला विचारून ते तुम्हां सगळ्यांना पाठवते आहे. भावानेही वाचलं आहे. त्याने दोन वाक्यं खोडली, बाकी सगळं राहू दे म्हणाला.

ज्यांनी 'मंक' पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही अमेरिकन मालिका १२ जुलै २००२ला सुरू झाली आणि ४ डिसेंबर २००९ला संपली. आठ सीझन, १२५ भाग. एड्रियन मंक हा सॅन फ्रान्सिस्को पोलिसांतला हुशार तपास अधिकारी. बायको ट्रूडी गाडीतल्या बॉम्बस्फोटात मारली जाते आणि हा माणूस कोसळतो. जवळजवळ तीन वर्षं घराबाहेर पडत नाही, नोकरी जाते. पुढे शरोना नावाची नर्स सोबत असते तेव्हा तो सल्लागार म्हणून पोलिसांना मदत करायला लागतो. जंतू, सुया, दूध, साप, उंची, गर्दी, लिफ्ट, सगळ्याची भीती. कुणाशी हात मिळवला की शरोनाकडे हात पुढे करायचा, तिने ओला टिश्यू द्यायचा. रस्त्याने जाताना प्रत्येक खांबाला हात लावायचा. टोनी शलूबने ही भूमिका केली आणि त्यासाठी त्याला २००३, २००५ आणि २००६ असे तीन वेळा टीव्हीसाठीचे एमी पुरस्कार मिळाले. ते त्याने कमावलेलेच होते. बायकोची उशी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवणारा मंक मी पाहिला तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन रडले होते.

२००३ साली लग्न होऊन मी न्यू जर्सीतल्या एडिसनला आले. शुक्रवारी रात्री ही मालिका लागायची. पहिला भाग मी नंतर पाहिला, पुनःप्रक्षेपणात. खून झालेल्या घरात मंक तपास करतो आहे. आजूबाजूला पोलीस उभे आहेत, तो एकेक वस्तू न्याहाळतो आहे, आणि मध्येच त्याच्या मनात घरचा गॅस येतो. बंद केला होता का? शरोना सांगते, केला होता. तो पुन्हा पुराव्यांकडे वळतो आणि पुन्हा गॅसवर येतो.

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. हा आमच्या सांगलीच्या घरातला प्रसंग होता.

माझा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा. एकोणिसाव्या वर्षापासून त्याचं घराबाहेर पडणं अवघड होत गेलं. गॅसचं बटण बंद. मग सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. मग बर्नरवर हात धरून बघायचं, मग वास घ्यायचा. दाराला कुलूप लावून जिना उतरायचा आणि दुसऱ्या मजल्यावरून परत वर. कॉलेज सकाळी सातचं, तो उठायचा साडेचारला. आजूबाजूचे म्हणायचे, जबाबदार मुलगा आहे. आजी म्हणायची, चळ लागलाय. आपल्याकडे याला 'मंत्रचळ' असा एक जुना शब्द आहे. आजार म्हणून कुणाला तो दिसला नाही, आम्हालाही नाही. आजीचं सोवळं पाहत आम्ही वाढलो होतो. पण आजीचं सोवळं पूजा झाली की संपायचं आणि तिला त्यात समाधान मिळायचं. भावाचं कधी संपायचंच नाही. आणि त्यात वेडेपणा आहे हे त्याला आमच्याआधी कळलेलं होतं. तुम्ही ओसीडी लिहाल तेव्हा कृपा करून हे विसरू नका. बहुतेक वेळा त्या माणसाला याची समज असते. गॅस बंद आहे हे डोळ्यांना दिसत असतं आणि तरी पाय जिना उतरत नाहीत. तो छळ त्या समजेतूनच येतो.

२००६च्या उन्हाळ्यात ओळखीचे एक जण सांगलीला निघाले होते. त्यांच्याबरोबर मी 'मंक'च्या पहिल्या तीन सीझनच्या डीव्हीडी पाठवल्या. अमेरिकेतल्या डीव्हीडी तिकडच्या प्लेअरवर चालेनात, म्हणून तो कॉम्प्युटरवर बघायला लागला. आठवड्याभरात फोन आला. आमची पहाट होती. "ताई, तो गॅसचा सीन पाहिलास? त्याला माहीत आहे की बंद आहे. तरी." एवढंच बोलला आणि बराच वेळ गप्प बसला. असं काही जगात आणखी कुणाला होतं, त्याला नाव आहे, याची त्याला चार वर्षांत पहिल्यांदा खात्री पटली. पुढच्या सोमवारी तो एकटा जाऊन मानसोपचारतज्ज्ञांना भेटला. आम्ही कुणी त्याला नेलं नाही. मालिकेने नेलं.

म्हणून मी 'मंक'ला नावं ठेवायला बसलेली नाही. निर्मात्यांपैकी डेव्हिड होबरमन यांनी जाहीरपणे सांगितलं आहे की लहानपणी त्यांनाही फुटपाथवरच्या भेगा टाळायची आणि खांबांना हात लावायची सवय होती. ती आतली माहिती पडद्यावर जाणवते. आणि म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. नैराश्यावर देतात त्याच जातीच्या, सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणाऱ्या. ओसीडीत त्यांचा डोस बहुधा जास्त लागतो आणि गुण दिसायला दहा-बारा आठवडेही जातात. भावाने सहा आठवडे घेतल्या. तोवर तो तिसऱ्या सीझनपर्यंत पोहोचला होता. त्या सीझनमध्ये मंक औषध घेतो असा एक भाग आहे. औषधाचं नाव काल्पनिक आहे. ते घेतल्यावर मंक पार बदलतो. रंगीबेरंगी शर्ट घालतो, मजेत हिंडतो, भीती सगळी गेलेली. पण तपास? शून्य. समोरचा पुरावा दिसत नाही, लोकांची दुःखं त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, सगळ्यांना तो नकोसा होतो. शेवटी औषध सोडतो आणि नजर परत येते.

भावाने त्याच आठवड्यात गोळ्या बंद केल्या. कुणाला सांगितलं नाही.

तेव्हा तो एका सीएंच्या ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी करत होता. व्हाउचर तपासणं, टॅलीतल्या नोंदी जुळवणं ही कामं. इतरांच्या हातून सुटलेली चूक तो पकडायचा आणि सगळे त्याला वाखाणायचे. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट चांगली चालली आहे असं त्याला वाटत होतं. ती गोळीबरोबर गेली तर? मंकचं एक ठरलेलं वाक्य आहे, ही देणगीही आहे आणि शापही. भावाने ते आपल्यापुरतं खरं धरलं. शाप सोसला तरच देणगी राहणार, असा हिशोब त्याने मांडला आणि हिशोबात तो पक्का होता.

त्यानंतरची दोन वर्षं वाईट गेली. एकच व्हाउचर दहा-दहा वेळा बघायला लागला. ऑडिटच्या तारखा चुकल्या. आधी जे त्याला वाखाणत होते तेच कंटाळले आणि २००८मध्ये आर्टिकलशिप अर्ध्यावर सुटली. इथे मला तुमच्याशी अगदी सरळ बोलायचं आहे. त्याची नजर आजाराने दिलेली नव्हती. ती त्याची स्वतःची होती, तिसरीत असताना तो किराण्याच्या बिलातली बेरीज तपासायचा तेव्हापासूनची. आजार त्या नजरेला खात होता. पहिल्या तपासणीत चूक सापडायची, पुढच्या नऊ तपासण्या आजाराच्या होत्या. ओसीडीच्या निदानात दिवसातला तासाहून जास्त वेळ जातो का हे विचारतात. आमच्याकडे सहा-सात तास जात होते. सहा तास ज्याचे चोरीला जातात त्याने उरलेल्या वेळात खून उलगडायचा आहे, असं पात्र लिहून बघा. ते मंकपेक्षा वेगळं होईल आणि खरं होईल.

तुम्ही म्हणाल, ती मनोरंजनाची मालिका, लोकांनी त्यावरून औषधं ठरवू नयेत. बरोबर आहे, ठरवू नयेत. पण ज्याला बोलायला कुणी नसतं तो पडद्यावरच्या माणसाशी बोलतो. डॉक्टरांनी माझ्या भावाला दहा मिनिटं दिली होती. मंकने त्याला तीस-पस्तीस तास दिले होते. विश्वास कुणावर बसणार?

आणखी एक गोष्ट मला टोचते. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सतत धुण्या-पुसण्यात अडकलेल्या रुग्णाला ज्याची भीती त्याच गोष्टीला हात लावायला लावायचा आणि नंतर धुऊ द्यायचं नाही. त्यासाठी खोलीतलं पाणीसुद्धा बंद केलं होतं. भीती वाढते, टोकाला जाते, आणि काहीही न करता हळूहळू आपली आपण उतरते. यातून पुढे जी उपचारपद्धत आकाराला आली ती आज ओसीडीवरचा सगळ्यांत भरवशाचा मानसोपचार मानतात. 'मंक'चा पहिला भाग आला तेव्हा ही गोष्ट ३६ वर्षं जुनी होती. मंक त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे, डॉक्टर क्रोगरकडे नेमाने जातो, ते नातं फार सुंदर लिहिलं आहे. ती भूमिका करणारे स्टॅनली कॅमल २००८मध्ये अचानक वारले तेव्हा मालिकेने क्रोगरचा मृत्यूही गोष्टीत घेतला, तो भाग मी अजून पुन्हा बघू शकत नाही. पण त्या खोलीत बोलणं होतं. नेमाने, पायरीपायरीने चालणारा हा उपचार तिथे जवळजवळ दिसतच नाही. खोलीबाहेर शरोना, आणि तिच्यानंतर आलेली नॅटली, प्रेमाने टिश्यू पुरवत राहतात.

हा टिश्यू मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्या घरात तो माझी आई होती. "आई, गॅस बंद आहे ना?" "आहे रे राजा, बंद आहे." दिवसातून चाळीस वेळा. प्रत्येक उत्तराने त्याला दोन मिनिटं बरं वाटायचं आणि प्रश्न आणखी घट्ट व्हायचा. २००९मध्ये पुण्यात उपचार सुरू झाले तेव्हा तिथल्या मानसोपचार करणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा आईला समोर बसवलं. म्हणाल्या, आता त्याने विचारलं की उत्तर द्यायचं नाही. फक्त म्हणायचं, "याचं उत्तर मी देणार नाही, हे आपलं ठरलंय." आईने आयुष्यात इतकं कठीण काही केलं नसेल. मला फोनवर सांगताना तिचा आवाज फुटायचा. पोराचा जीव घाबरा होतो आणि माझ्या एका शब्दाने तो थांबेल, तरी तो शब्द गिळायचा. तुम्ही नाट्य शोधता ना? ते इथे आहे, ओट्यापाशी, तोंड मिटून उभ्या असलेल्या बाईत.

आता विळी. ही गोष्ट मी मैत्रिणीला फोनवर सांगू शकले नाही.

डिसेंबर २००५मध्ये मी माझ्या सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन पहिल्यांदा माहेरी गेले होते. भाऊ तिला हात लावेना. मी तिला त्याच्याकडे दिली की तो दोन पावलं मागे सरायचा, काहीतरी कारण काढून गच्चीवर जायचा. मला फार लागलं. मामा ना तू, असं मी एकदा रागाने बोललेसुद्धा. त्याच दिवसांत घरातली विळी सापडेनाशी व्हायची. रोज सकाळी आई शोधायची आणि ती मिळायची माळ्यावर, जुन्या ट्रंकेच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आई म्हणायची, माझंच लक्ष ठिकाणावर नाही. विळी खाली आणायची, भाजी चिरायची, ओट्याखाली ठेवायची. दुसऱ्या दिवशी विळी परत माळ्यावर.

ती भाऊ ठेवत होता. बाळ घरात आल्यापासून त्याच्या डोक्यात एक चित्र यायचं, विळीचं आणि माझ्या मुलीचं. त्याला ते नको होतं, त्याची त्याला किळस यायची आणि जितकं ढकलावं तितकं ते परत यायचं. आपण राक्षस आहोत असं त्याने ठरवून टाकलं होतं. ज्या भाचीसाठी त्याने महिनाभर आधी लोकरीचं टोपडं आणून ठेवलं होतं तिच्याजवळ तो जात नव्हता तो या भीतीने. चार वर्षं हे त्याने कुणाला सांगितलं नाही. गॅसचं सांगितलं, कारण गॅसचं टीव्हीवर पाहिलं होतं. हे टीव्हीवर कधी पाहिलं नव्हतं. पुण्याच्या बाईंनी त्याला सांगितलं की असे विचार ओसीडीत सर्रास येतात. देवघरात शिव्या आठवणं, आपल्याच माणसाला इजा करू असं वाटणं. ज्याला मुलांवर जीव टाकावासा वाटतो त्याला नेमके मुलांचेच विचार छळतात, आणि त्या विचारांचा इतका धसका घेतो म्हणजे ती त्याची इच्छा नाही. मामा त्या दिवशी बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून तासभर रडला. हे त्याने स्वतः मला सांगितलं. त्याने खोडलेल्या दोन वाक्यांत हे नव्हतं.

ओसीडी म्हटलं की आपल्या पडद्यावर साबण येतो, सरळ केलेली फोटोफ्रेम येते, फरशी पुसत बसणारी आत्या येते आणि मागे गमतीचं संगीत लागतं. हात धुणारे रुग्ण असतातच, त्यांचे हात रक्ताळेपर्यंत सोललेले असतात, त्यात गंमत काही नसते. पण ज्याचं दुखणं बाहेरून दिसत नाही, जो मनातल्या मनात मोजत असतो, माफी मागत असतो, आठवून आठवून खात्री करत असतो, त्याला तुमच्या पडद्यावर स्वतःचा चेहरा कधी दिसणार? २०२३च्या डिसेंबरमध्ये 'मंक'वर एक चित्रपट आला. कोविडच्या साथीनंतरचा मंक, जगण्यात रस न उरलेला. त्यांनी एवढं अंधारात उतरायचं धाडस केलं याबद्दल मला आदर वाटला. मात्र बरं होण्याची वाट मला त्यातही हवी तशी दिसली नाही.

माझं मागणं असं आहे. तुमचा अधिकारी हुशार असू दे, आजारीही असू दे. पण हुशारीची मुळी आजारात रोवू नका. त्याला गोळी द्यायची असेल तर ती गोळी लागू पडायला लागतात तितके आठवडे गोष्टीत जाऊ द्या. गोळीनंतर त्याला मूर्ख करू नका. उपचाराची खोली दाखवा, तिथे दिलेला घरचा अभ्यास दाखवा. लिहिण्याआधी एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर आणि त्याहून आधी एखाद्या रुग्णाबरोबर बसा. माझा भाऊ तयार आहे, त्याने तसं लिहायला सांगितलं आहे. आणि सिगारेट ओढली की पडद्याच्या कोपऱ्यात सूचना येते, तशी अशा भागाच्या शेवटी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक टाका. मानसिक त्रासात मदत करणारी सरकारची विनामूल्य सेवा आहे, मराठीतूनही बोलता येतं. २००६मध्ये असं काही असतं तर तो भाग संपल्यावर माझ्या भावाने गोळ्या फेकण्याआधी एक फोन केला असता, असं मला राहून राहून वाटतं.

मैत्रिणीने सवयी मागितल्या होत्या, त्याऐवजी तिला एक प्रसंग देते. तो हवा तसा वापर.

२०१०ची दिवाळी. बाईंनी दिलेल्या पायऱ्या भाऊ वर्षभर चढत होता. आधी विळी माळ्यावरून खाली, नुसती डोळ्यांसमोर. मग घरात कुणी नसताना तिच्यावर भाजी चिरायची. मग भाचीचा फोटो समोर ठेवून. मनात येणारं ते चित्र कागदावर लिहून रोज मोठ्याने वाचायचं, कंटाळा येईपर्यंत. आम्ही सांगलीला पोहोचलो तेव्हा शेवटची पायरी राहिली होती. आई वड्यांसाठी कोथिंबीर निवडत होती. भाऊ आला, ओट्याखालून विळी काढली, उघडली, पाटावर पाय टेकवून बसला. माझी मुलगी पाच वर्षांची. ती हातभर अंतरावर चकलीचा तुकडा खात होती आणि मामाला शाळेतलं काहीतरी सांगत होती. त्याच्या कपाळावर घाम होता. हात थरथरत होते, कोथिंबीर जाडीभरडी चिरली जात होती. मी उठायला लागले तर आईने माझा हात दाबून धरला. पंचवीस-तीस मिनिटं लागली असतील. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. जुडी संपली. त्याने विळी धुतली, एकदाच, पुसली आणि मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने सवयीने माळ्याकडे बघितलं आणि हाक मारली, "विळी कुठे रे?"

"ओट्याखाली," तो आंघोळीला जाता जाता म्हणाला.

आपली,
एक बहीण
एडिसन, न्यू जर्सी